फोन कुणी करायचा?

ज्या माणसाला सकाळी उठून तोंड धुवायचंही जिवावर आलं आहे, त्याला आपण सांगतो, मदत माग. नंबर शोध, फोन लाव, अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोल. मग बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची बस पकड, केसपेपर काढ, रांगेत बस आणि पाळी आली की दहा मिनिटांत सांग, तुला का जगावंसं वाटत नाही ते. एवढं सगळं ज्याला जमतं तो निम्मा सावरलेला असतो. ज्याला जमत नाही तो खोलीत पडून असतो आणि बाहेर आपण म्हणत असतो, 'एवढे हेल्पलाइन नंबर आहेत, बोलला असता तर!'

हे 'बोलला असता तर' मला फार खटकतं. दोष गेलेल्याच्या माथी मारून बाकीचे त्यात मोकळे होतात. संकटातल्या माणसाने मदत शोधत यावं, या गृहीतकावर आपली सगळी व्यवस्था बेतलेली आहे आणि ते गृहीतकच चुकीचं आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात तरी मदतीनेच माणसाला शोधत जायला हवं. त्याची सुरुवात कुठून करायची हेही उघड आहे: इस्पितळाच्या कॅज्युअल्टीपासून, म्हणजे तातडीच्या विभागापासून.

गोव्यात सोयी नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर मी त्या सुरात सूर मिसळणार नाही. २०११ च्या जनगणनेत दोन जिल्हे आणि साडेचौदा लाखांच्या आसपास लोकवस्ती. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ आहे आणि जवळच आयपीएचबी हे मनोरुग्णांसाठीचं सरकारी इस्पितळ. पूर्वी पणजीत आल्तिनोवर आबे फारियांच्या नावाचं इस्पितळ होतं, त्याचंच हे पुढचं रूप. (पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा पर्यटक फोटोत घेतात, तेच हे कांदोळीचे आबे फारिया. संमोहनात किमया संमोहन करणाऱ्याची नसते, ती समोरच्याच्या मनात घडते, असं त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगितलं. पुतळा आपण हौसेने मिरवतो.) म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, तालुक्या-तालुक्यात आरोग्यकेंद्रं आहेत, १०८ ची रुग्णवाहिका आहे. पर्वरीला 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे, म्हापशात 'कूज' ही संस्था आत्महत्या रोखण्यासाठी हेल्पलाइन चालवते. देशातल्या कितीतरी जिल्ह्यांना यातलं निम्मंही मिळालेलं नाही.

आणि तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात गोव्याचा आत्महत्येचा दर देशाच्या सरासरीच्या वर दिसतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं अशी गेली, लाखामागे १२.४. हे पोलिसांच्या वहीत चढलेले आकडे. जिथे घरच्यांनी 'अपघात' म्हणून सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं, ते यात नाहीत. तेव्हा खरा आकडा याहून मोठा असणार.

सोयी आहेत आणि माणसं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, ही काही गोव्याचीच गोष्ट नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की, मानसिक आजार असलेल्यांपैकी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के आहे. पण उत्तर प्रदेशातल्या खेड्याला जी सबब शोभते ती गोव्यातल्या सत्तरी तालुक्याला शोभत नाही. इथे अंतर किलोमीटरचं कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त आहे.

आधी हेल्पलाइनबद्दल, कारण माझा तिला विरोध आहे असा समज व्हायला नको. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने टेलि-मानस सुरू केलं. नंबर १४४१६. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि त्याला गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. नाव-गाव सांगण्याची सक्ती नाही. स्वतः संकटात असलेल्यानेच फोन करावा असंही नाही. नवऱ्याची काळजी वाटणारी बायको, मित्राचा विचित्र मेसेज पाहून घाबरलेला पोरगा, वर्गातल्या मुलीच्या हातावरच्या खुणा पाहिलेली शिक्षिका, कुणीही विचारू शकतं की, मी आता काय करू? कूजचा ०८३२-२२५२५२५ हा गोव्यातलाच नंबर आहे. तो चोवीस तासांचा नाही, ठरावीक वेळात चालतो. जिवाला धोका आत्ता, या घटकेला असेल तर ११२ किंवा १०८ लावायचा आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. हे नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात या क्षणी तसे विचार असतील, तर लेख राहू द्या बाजूला, आधी १४४१६ लावा किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारा.

तरीही हेल्पलाइन हे अर्धंच काम आहे. ज्यांनी या विषयात हयात घालवली ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. मरण्याची इच्छा आणि जगण्याची इच्छा एकाच माणसात एकाच वेळी असतात आणि त्यांची ओढाताण शेवटपर्यंत चालू असते. सर्वांत तीव्र अवस्था बहुतेकदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ कुणी सोबत राहिलं, जिवाला अपाय करणारं जे काही हाताशी आहे ते दूर झालं, तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण त्या वेळात विचार इतके एकेरी झालेले असतात की, पर्याय आहेत हेच दिसत नाही. ज्याला पर्याय दिसत नाहीत त्यानेच तो निवडावा, ही अपेक्षा मुळात विपरीत आहे. म्हणून प्रश्न उरतो, त्याने फोन केला नाही तर?

काही माणसांच्या बाबतीत या प्रश्नाला सोपं उत्तर आहे, कारण ती माणसं आपल्यासमोर आलेली असतात. आपल्या इस्पितळात, आपल्या स्ट्रेचरवर.

आत्महत्येचा प्रयत्न आधी झालेला असणं ही पुढच्या धोक्याची सर्वांत ठळक खूण, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इस्पितळातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर विशेष नाजूक. म्हणजे कुणाला मदतीची सर्वाधिक गरज आहे हे शोधायला सर्वेक्षण नको, संगणक नको. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात त्याचं नाव लिहिलेलं आहे. आणि आपण त्याचं काय करतो?

रात्री दहा-साडेदहाला गावातून एका विशीतल्या मुलाला आणलं जातं. डॉक्टर धावपळ करतात, जीव वाचतो. त्यात त्यांची कसूर नसते. केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस, म्हणून नोंदली जाते, म्हणून चौकीतला हवालदार येतो. त्याला फॉर्म भरायचा असतो. 'मावशी, नेमकं झालं काय?' आई पदराला हात पुसत म्हणते, 'चुकून झालं साहेब. अंधारात कळलं नाही.' मामा मागून दुजोरा देतो. मुलाला कुणी विचारत नाही, विचारलं तरी आई समोर उभी असते. हवालदाराला सगळं कळतं, पण त्यालाही घर आहे, तोही 'चुकून' लिहितो. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. त्या एका शब्दाने त्या मुलाचा आणि मानसोपचार विभागाचा संबंध तिथेच तुटतो. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज.

अशा एका मुलाचं डिस्चार्ज कार्ड मी पाहिलं आहे. इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात: दोन गोळ्यांची नावं, हलका आहार आणि शेवटी 'रिव्ह्यू एसओएस'. म्हणजे गरज वाटली तर या. गरज वाटली तर! त्याच्या घरात कोंकणी बोलतात, पेपर मराठी वाचतात, इंग्रजी वाचणारा तो मुलगा एकटाच. म्हणजे पुन्हा यायचं की नाही हे ज्याने ठरवायचं, तोच ते कार्ड वाचू शकणारा घरातला एकमेव माणूस होता.

आई खोटं बोलली, कारण तिला पोलिसांची भीती होती. ही भीती उगाच नव्हती. भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम दीडशे वर्षं होतं, जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या ११५ व्या कलमाने बाजू उलटवली. उलट सिद्ध झालं नाही तर असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात जुनं ३०९ उरलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा एखादं काम करायला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं २२६ कलम आहे, तेवढंच. हे सगळं होऊन इतकी वर्षं झाली, पण कॅज्युअल्टीच्या बाकावर बसलेल्या आईला ते कुणी सांगितलेलं नसतं. 'मावशी, पोलीस केस होणार नाही, घाबरू नका, खरं सांगितलंत तर उपचार नीट होतील', ही दोन वाक्यं भिंतीवर मराठी-कोंकणीत लावायला आणि हवालदाराच्या तोंडून बाहेर पडायला किती खर्च येतो?

११५ व्या कलमाचं दुसरं पोटकलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरकारचं कर्तव्य, असा स्पष्ट शब्द त्यात आहे. पुन्हा तसा प्रयत्न होण्याचा धोका कमी करणं हे कर्तव्य. 'गरज वाटली तर या' एवढं लिहून ते पार पडतं का? माझ्या मते पडत नाही.

मग काय करता येतं? याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक चाचणी घेतली, त्यात एक ठिकाण चेन्नई होतं, एक कोलंबो. आत्महत्येचा प्रयत्न करून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आलेले १,८६७ लोक त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी घरी सोडण्याआधी सुमारे तासभर बोलणं आणि मग दीड वर्षात ठरलेल्या वेळी नऊ वेळा फोन किंवा घरी भेट. पहिला आठवडा, दुसरा, चौथा, मग हळूहळू अंतर वाढवत. नवं औषध नाही, यंत्र नाही. २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत इतका ठळक फरक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं, आणि फोन केला की माणूस वाचलाच असा दावा कुणी करू नये. पण इतक्या स्वस्त आणि इतक्या निरुपद्रवी उपायाला आधी हात घालायचा नाही तर कशाला?

यावर लगेच येणारा आक्षेप ठरलेला आहे: माणसं कुठून आणायची? मानसोपचारतज्ज्ञ हवेत तितके नाहीत, देशभरात लाखामागे एकही पडत नाही. खरं आहे. पण हे काम तज्ज्ञाचं आहे असं कुणी म्हटलं? आणि इथेच गोव्याची गंमत आहे. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या माणसांकडून मानसिक आजारावर उपचार होऊ शकतात, याचा जगातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी काही पुरावा याच मातीत तयार झाला. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या संगाथच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या २४ सरकारी आणि खासगी दवाखान्यांत 'मानस' नावाची चाचणी घेतली, २०१० मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. (टेलि-मानसशी तिचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) पुढे गोव्याच्याच प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्यांसाठी सहा ते आठ बैठकांचा एक साधा उपचार तपासला गेला. देणारे होते स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेले समुपदेशक. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्नही त्या गटात कमी आढळले, बायकांच्या बाबतीत नवऱ्याकडून होणारी मारहाणही. दारू सोडवण्यासाठीच्या समुपदेशनाचीही अशीच चाचणी इथे झाली, आणि आपल्याकडे दारू हा विषय बाजूला ठेवून या प्रश्नावर बोलणं म्हणजे शुद्ध ढोंग.

हा सगळा अनुभव आता परदेशात शिकवला जातो. इथल्या आरोग्यकेंद्रांच्या फळ्यावर मात्र लसीकरणाचा वार लिहिलेला असतो, मधुमेहाचा वार लिहिलेला असतो, आणि मनाचा वार बहुधा नसतो. प्रयोग संपला की प्रयोगातली माणसं जातात, निकाल छापून येतात, टाळ्या होतात. सरकारी खात्यात पद निर्माण होत नाही. वर्तमानपत्रांतही आपण 'गोव्याच्या संशोधनाची जगाला दखल' असे मथळे वाचून खूश होतो.

फोन करत राहणं ही आपल्या आरोग्य खात्याला परकी गोष्ट नाही. बाळाचा डोस चुकला तर नर्स दारात येते. क्षयरोग्याने औषध मधेच सोडलं तर त्याला हुडकून काढलं जातं, त्यासाठी देशभर एकच नोंदणी आहे. मग जो मुलगा मागच्या आठवड्यात मरता मरता वाचला, त्याला हुडकायला काय हरकत आहे? खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरी-सांगेतल्या ट्रकवाल्यांना हप्त्यासाठी फोन करायला बँकांना माणसं बरोबर मिळत होती.

पण एक आक्षेप असा आहे की त्याला चटकन उत्तर देता येत नाही. गोवा लहान आहे, हे बळ आहे तसंच संकटही. वाड्यावरची नर्स शेजाऱ्याची सून असते. आरोग्यकेंद्रातून फोन आला म्हणजे संध्याकाळपर्यंत पंचाच्या कानावर. मुलीचं लग्न ठरायचंय अशा घरात 'मानसिक'चा माणूस दारात आला, तर तो मदत करून जाईल की बदनामी? आयपीएचबीला आजही काही जण 'पिशांचं', म्हणजे वेड्यांचं इस्पितळ म्हणतात आणि तिथे नेलेल्याचं नाव गावात कायमचं पडतं. ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांनी गाव पाहिलेलं नाही. २००९ मध्ये गोव्यातल्या १६ ते २४ वयाच्या साडेतीन हजारांवर तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या विचारांचा आणि प्रयत्नांचा हिंसेशी आणि मानसिक ताणाशी घट्ट संबंध त्यात दिसला, मुलींमध्ये प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे कधी कधी धोका घरातच असतो आणि घरच्याच नंबरावर फोन केला तर तो नेमका नको त्याच्या हाती जाईल.

म्हणून हे जबरदस्तीने करायचं काम नाही. डिस्चार्जआधी एकांतात, आई-बाप, नवरा-सासू बाहेर थांबवून, त्या माणसालाच विचारायचं: आम्ही फोन केला तर चालेल? कुठल्या नंबरावर? कुठल्या वेळेला? कुणी उचलला तर कोण बोलतंय म्हणून सांगू? काणकोणच्या माणसाला पेडण्याहून फोन जावा, वाळपईच्या माणसाला मडगावहून. राज्य लहान आहे, तसा फोनला अंतर नाही. नको म्हणाला तर नको. तरी एक कागद हातात द्यावा, मराठीत आणि कोंकणीत, टपोऱ्या अक्षरांत, आणि त्यावर एका माणसाचं नाव असावं. विभागाचं नको, माणसाचं. बांबोळीला जाऊन 'सायकिअट्री ओपीडी कुठे' असं विचारत फिरण्यापेक्षा अमक्या मॅडमना भेटायचं आहे, हे सांगणं कितीतरी सोपं जातं. वाळपईहून पणजी, पणजीहून बांबोळी, परत तसंच, त्यात दिवसाची मजुरी बुडालेली. जाऊन कोण भेटणार हे तरी माहीत असावं.

घरच्यांविषयीही लिहायला हवं, कारण सरकारने सगळं केलं तरी रात्री दोन वाजता घरचीच माणसं असतात. आपल्याकडे मुलगा गप्प गप्प राहायला लागला की आधी दिष्ट काढतात, मग देवाला कौल लावतात, मग कुणीतरी सांगतं म्हणून घाड्याकडे, म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्याकडे जातात. मी यावर हसणार नाही. कौल लावायला जाणारी आई निदान हे मान्य करते आहे की, काहीतरी बिघडलं आहे आणि आपल्याला मदत हवी आहे. ती निम्मी वाट चालून आलेली असते. देवळातल्या भटजींना, महाजनांना, भजनी मंडळाच्या बुवांना, चर्चच्या पाद्रींना कुणी एवढंच शिकवलं की, कौल द्या, पण बरोबर डॉक्टरांकडेही पाठवा, तर बरंच होईल. धालो नाचायला मांडावर जमणाऱ्या बायकांना कुणाच्या घरात काय चाललंय हे आरोग्य खात्याच्या आधी कळतं.

घरच्यांची सर्वांत मोठी भीती म्हणजे, विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेला विचार आपण घालू. तसं होत नाही. यावर भरपूर संशोधन झालं आहे. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला हायसं वाटतं. तेव्हा आडून आडून नको. 'तुला जीव नकोसा झालाय का रे? मरण्याचे विचार येतात का?' असंच विचारायचं. तो 'हो' म्हणाला तर लगेच 'असं बोलू नये', 'आईचा विचार कर', 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले' हे सुरू करायचं नाही. ऐकायचं. गप्प बसून ऐकायचं. कधीपासून, कसे विचार येतात, काही ठरवलं आहे का, हे विचारायचं. ठरवलं असेल तर त्या रात्री एकटं ठेवायचं नाही, अपाय होईल असं जे काही घरात असेल ते त्याच्या हाती लागणार नाही असं हलवायचं आणि सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचं. तिथेही त्याच्यासोबत बसून राहायचं. आणि घरी आल्यावर महिनाभर, दोन महिने विचारत राहायचं. गणेशचवथीला सगळं गाव घरी येतं, त्या गर्दीत एखादा गणपतीवरची माटोळी बांधायला पुढे येत नाही, तो कुठे आहे हे कुणीतरी बघावं.

कॉलेजांबद्दल थोडक्यात, कारण तिथे नियम तरी आता स्पष्ट आहेत. सांकवाळच्या एका नामांकित संस्थेत २०२४ च्या अखेरीपासून काही महिन्यांच्या अंतरांनी विद्यार्थी गेले, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, टेलि-मानससारखे नंबर ठळकपणे लावलेले हवेत. लावले जातील. समुपदेशकाची खोली मात्र मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर असेल, आत कोण जातंय हे अख्ख्या स्टाफरूमला दिसत असेल, तर त्या खोलीत कुणी जाणार नाही. पालकशिक्षक संघांनी बैठकीत विचारावं, खोली कुठे आहे? दार लागतं का?

आणि आपली वर्तमानपत्रं. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पहिल्या पानावर ठळक छापू नये, पद्धत सांगू नये, जागा सांगू नये, सनसनाटी मथळा नको, फोटो नको. गोव्यातल्या मराठी पेपरांची पानं चाळून यातलं किती पाळलं जातं ते वाचकांनीच ठरवावं. 'कर्जाला कंटाळून', 'प्रेमभंगातून', 'आई रागावली म्हणून' असं एका ओळीत कारण देणं तर सर्रास चालतं. कर्ज हजारो जणांना असतं. मरण्यामागे एकच कारण क्वचित असतं, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या कर्जबाजाऱ्याला आपण त्या एका ओळीतून काय सांगतो आहोत याचा विचार उपसंपादकाने डेडलाइनच्या घाईतही करायला हवा. बातमीखाली १४४१६ छापायला दीड सेंटिमीटर पुरतो.

२१ नोव्हेंबर २०२२ ला केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे, असं त्यात म्हटलं आहे. २०३० आता लांब नाही. धोरणातले शब्द राज्यात कुठे पोचले हे तपासायला मोठी समिती नको. पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने, सत्ताधारी असो की विरोधी, आरोग्यमंत्र्यांना एक तारांकित प्रश्न विचारावा. गेल्या वर्षी जीव द्यायचा प्रयत्न करून राज्यातल्या सरकारी इस्पितळांत किती माणसं आली? त्यांच्यापैकी किती जणांना घरी सोडण्याआधी मानसोपचार विभागाने पाहिलं? आणि घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात किती जणांना इस्पितळातून फोन गेला? उत्तर तालुकावार मागावं.